खालून वाचायचा दगड

आमच्या घरात रोज संध्याकाळी कुणी ना कुणी लढाई हरत असे. नाना कचेरीतून यायचे, हातपाय धुऊन चहा घ्यायचे, आणि मग खुंटीवरचा लाल रुमाल खाली उतरायचा. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. जुन्या कचेऱ्यांमध्ये कागदांचे गठ्ठे ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवत, तो. नाना जमिनीच्या दप्तरखान्यात कारकून होते, त्यांचे वडील आणि आजोबाही निजामाच्या अमलात कारकूनच होते, त्यामुळे आमच्याकडे जे काही बांधायचं ते रुमालात बांधलं जायचं, प्रवासाच्या दशम्यासुद्धा. त्या लाल रुमालात नानांचा ग्रंथ होता. गोदावरीच्या दोन्ही काठांवर सातवाहनांपासून निजामापर्यंत कोण आलं, कोण बसलं, कुणी कुणाला कुठं गाठून कापलं, त्याचा समग्र इतिहास. आठशे पानं झाली होती आणि यादव अजून बुडायचे होते. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोण हरलं?" नाना चष्म्यावरून बघत गंभीरपणे सांगायचे, "शक." "बरं झालं. पानं घेते मग," आई म्हणायची, आणि शकांच्या पराभवावर आम्ही येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी खायचो.

घर म्हणजे गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या दोन खोल्या, पुढं हातभर अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. आता या शहराचं नाव बदललं आहे. पाकिटावर मी नवं नाव नीट लिहिते, पण तेव्हाचं काही आठवायचं म्हटलं की तोंडात औरंगाबादच येतं, त्याला माझा इलाज नाही. गल्लीच्या तोंडाशी रज्जाकचाचांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. त्यांच्या हातोडीची टकटक सकाळी नळाला पाणी आलं की सुरू व्हायची आणि मगरिबच्या अजानीला थांबायची, तिच्यावरून वेळ ओळखून आई कुकर लावायची. मी तिसरीत असताना नानांनी त्यांच्याकडे ग्रंथाची जिल्द करायला टाकली होती. ती तपकिरी चामड्याची जिल्द आठ दिवसांत तयार झाली, आणि तेव्हापासून चाचा नानांना रोज एकच प्रश्न विचारत आले. "जिल्द तो तय्यार है साब, किताब का क्या करना?" नाना सायकलवरून उतरून सांगायचे, "यादव संपू द्या, चाचा." चाचांना यादव कोण ते ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी फार चिवट मंडळी असावीत असा त्यांचा समज झाला होता.

ग्रंथाची सुवाच्य प्रत करायचं काम माझ्याकडे होतं. मला भावंडं नव्हती आणि अक्षर चांगलं होतं, म्हणजे सुटकेची दोन्ही दारं बंद. मॅट्रिक होईपर्यंत मी दक्षिणेतल्या बहुतेक घराण्यांच्या वंशावळी पाठ म्हणू शकत होते आणि गणितात मात्र काठावर पास होत होते. त्या आठशे पानांत एक वाक्य मला अजून शब्दशः आठवतं, कारण ते लिहिताना शाई सांडून मला ते दोनदा लिहावं लागलं. "या काठावर धनगर, कोळी, भोई, भिल्ल आदी लोकही पूर्वीपासून वास्तव्य करून होते." काठावरच्या मूळ लोकांविषयी सगळ्या ग्रंथात एवढंच. पुढच्या वाक्यात घोडदळ येत असे.

त्या 'आदी लोकां'पैकी एक बाई वर्षातून तीन-चार वेळा आमच्या अंगणात बसून चहा पीत असे. तिचं नाव गयाबाई. ती घोंगड्या विकायला यायची. आईनं तिच्याकडून एकच घोंगडं घेतलं होतं आणि त्याला दहा वर्षं झाली होती, पण गिऱ्हाइकी केव्हाच मागं पडून मैत्री उरली होती. पैठणच्या वरच्या अंगाला, नदीला लागून तिची वस्ती होती. पुढं धरणाचं पाणी आलं, वस्ती उठली, घरची मंडळी मेंढरं घेऊन पाचोडकडं सरकली आणि ही थोरल्या मुलाकडं चिकलठाण्याला येऊन राहिली. मुलगा तिथल्या कारखान्यात रोजानं जायचा. पत्र्याच्या खोलीत तिला करमायचं नाही. ती आली की दोघी कडुनिंबाखाली बसून हळू आवाजात बोलायच्या आणि मधेच हसायच्या, आणि हसणं बहुधा नानांवरून असायचं.

आता त्या दगडांकडे येते. मी नववीत असताना नाना मोजणीच्या कामाला एसटीनं पैठणला आणि तिथून बैलगाडीनं वरच्या गावांकडं गेले होते. परत आले ते अंगात ताप असल्यासारखे. नदीकाठी एका बाभळीखाली त्यांना ओळीनं उभे पाच वीरगळ दिसले होते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा स्मारक-दगड, कमरेएवढा, त्यावर एकावर एक तीन चौकटी कोरलेल्या. पुढच्या रविवारी मला कागद-पेन्सिल घेऊन नेलं. पाचांपैकी एक दगड फार देखणा होता. नानांनी तो वाचला. सगळ्यांत वरच्या चौकटीत एक पुरुष शिवलिंगापुढं हात जोडून बसला होता. मधल्या चौकटीत तोच पुरुष, गळ्यात हार आणि दोन्ही बाजूंना बायका. खालच्या चौकटीत तोच जमिनीवर आडवा, अंगावर घोडी आणि कडेला पळवून नेल्या जाणाऱ्या गाई. नानांना क्षणात उलगडा झाला. हा राजा होता. आधी देवभक्त होता, म्हणून वैभव आलं. मग वैभवात लोळला, बायकांच्या घोळक्यात रमला. मग शत्रू चालून आला, राजा धुळीला मिळाला आणि गोधन गेलं. हा दगड म्हणजे एका साम्राज्याचा ऱ्हास, वरून खाली, तीन चौकटींत.

या शोधाचा सर्वांत मोठा फटका इतिहासाला बसला नाही, आमच्या घराला बसला. कारण नानांना आता मधली चौकट सगळीकडं दिसायला लागली. आईनं टेबलफॅन मागितला की मधली चौकट. मी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाऊ का विचारलं की मधली चौकट. शेजारच्या वकिलांकडं काळ्या-पांढऱ्या फरश्या बसवल्या तेव्हा नाना कुंपणावरून बघत म्हणाले, आता यांचं फार दिवस राहिलं नाही. औरंगाबादच्या मे महिन्यात आम्ही तिघं ओले पंचे अंगावर घेऊन झोपायचो, साम्राज्य टिकावं म्हणून. आई म्हणायची, त्या राजाला दोन बायका वारा घालत होत्या, मी तर विजेचा पंखा मागतेय. हा युक्तिवाद नानांनी नीट ऐकून घेतला, पण पंखा काही आला नाही.

माझा गुन्हा त्याच वर्षीचा आहे. दगडाचं चित्र काढताना मला मधल्या चौकटीतल्या पुरुषाचे पाय विचित्र वाटले. ते टेकलेले नव्हते. बोटं खाली लोंबत होती, आणि त्या दोन बायकांनी त्याला काखेत हात घालून धरल्यासारखं दिसत होतं. मी जसं दिसलं तसं काढलं. नानांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "कारागिराचा हात चुकलाय इथं. राजा काय हवेत राहतो? पाय टेकव त्याचे." मी टेकवले. नुसते टेकवले नाहीत, पायांखाली महालाची फरशी काढली, एक चौकोन काळा, एक पांढरा, हुबेहूब वकिलांकडच्यासारखी. मला ती फरशी फार आवडायची. नाना खूश झाले, म्हणाले, ऐश्वर्य दिसतंय. मग बाकीच्या चार दगडांच्या चित्रांतही मी तशीच फरशी घातली. मूळचं कच्चं चित्र मात्र फेकलं नाही, भूगोलाच्या वहीत राहू दिलं.

हल्ली कॉलेजातलं कुठलंही पोर मोबाइल काढून या दगडाविषयी जे पाच मिनिटांत सांगेल, ते तेव्हा एखाद्या जाणकाराला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण नानांनी कुणाला विचारलं नाही. आपला शोध कुणी पळवेल अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी तो राजा तीन-चार वर्षं गायीसारखा राखला.

धरणात पाणी चढायला लागलं तेव्हा नानांची झोप उडाली. ओळखीच्या एकाचा वाळूचा ट्रक मिळाला, तोही एका खेपेपुरता, आणि ड्रायव्हरनं सांगितलं की एकच दगड घेईन. नानांनी अर्थातच राजा निवडला. बाकीचे चार त्यांच्या मते साधे सैनिक होते. गाव तोवर उठलं होतं, विचारायला चिटपाखरू नव्हतं. तरी नानांनी तिथं उकिडवं बसून रीतसर पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून माझी सही घेतली. आम्ही निघालो तेव्हा पाणी बाभळीच्या बुंध्याला लागलं होतं. मी ट्रकच्या मागच्या फळीवरून बघत होते. चारही दगड पाण्याकडं तोंड करून उभे होते, आणि मला उगाचच वाटलं की त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

राजा दोन वर्षं आमच्या अंगणात कडुनिंबाला टेकून उभा राहिला. शहरातल्या एका वाचनालयाच्या आवारात त्याला बसवायचं ठरत होतं, खाली संगमरवरी पाटी लावून, पण पाटीवर कुठल्या राजाचं नाव घालायचं यावर नानांचं स्वतःशीच भांडण चालू होतं. तोवर आईनं त्याला कामाला लावलं. मापटं पालथं घालायला त्याचा माथा सोयीचा होता, आणि फडकी वाळायला त्याच्याइतकं ऊन अंगणात कुणालाच मिळत नव्हतं. शेवटी वाचनालयानं नानांचं व्याख्यान ठेवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी नानांना बोलायला बोलावलं होतं. त्यांनी कोटाला इस्त्री करून आणली आणि राजावरची बारा पानं माझ्याकडून पुन्हा सुवाच्य लिहून घेतली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

व्याख्यान रविवारी होतं. शनिवारी सकाळी, नाना कचेरीत असताना, गयाबाई आली. मुलाच्या आजारपणामुळं ती दोन वर्षं शहरात फिरकली नव्हती. फाटक उघडून आत आली, घोंगड्यांचं गाठोडं खाली ठेवलं, आणि तिची नजर कडुनिंबाकडं गेली. तिनं चपला काढल्या. दगडावरचं ओलं फडकं दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि मटकन खाली बसली. आई बाहेर आली तर ही दगडाच्या पायथ्याशी हात फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वैनी, ह्यो आमचा ईर हाय," ती म्हणाली. "बुडाला म्हनून आमी आंघूळ केली व्हती ह्याच्या नावानं."

तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन लांब गेली होती, तेव्हाच पाणी चढलं. परत आले तेव्हा बाभळीचा शेंडासुद्धा दिसत नव्हता. दर दसऱ्याला त्या पाच दगडांना तेल लावायचं, शेंदूर लावायचा आणि नवी घोंगडी पहिल्यांदा त्यांच्यावर टाकून मग वापरायची, असा त्यांचा रिवाज. दोन दसरे तेलाविना गेले होते आणि घरातल्या प्रत्येक आजारपणाचं कारण तिला तेच वाटत होतं. आई आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली. आई एवढी ओशाळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ती सारखी त्या फडक्याकडं बघत होती.

तेल लावताना गयाबाईचं बोट खालच्या चौकटीपासून सुरू झालं. मी विचारलं, वरून का नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू भाकरी कुठल्या हातानं खातात असं मी विचारलं होतं. "वरनं कसं? मानूस आधी मरतंय का आधी देवापाशी बसतंय?" ती म्हणाली. "हितं मेला. मंग बायांनी उचलला, त्या सरगातल्या बाया हायेत. मंग हितं महादेवापाशी जाऊन बसला. खालनं वर जायचं, पोरी. ईर खालीच कसा येईल?"

मी घरात गेले, भूगोलाची वही काढली आणि ते कच्चं चित्र बघत उभी राहिले. पाय लोंबत होते. त्यांनी त्याला उचललेलं होतं. सगळं कागदावर होतं, माझ्याच हातचं, आणि वर मी फरशी घातली होती. मला आधी स्वतःची लाज वाटली आणि मग नानांची भीती. शहरातल्या शंभर लोकांसमोर ते उद्या एका धनगराच्या पूर्वजाला ऐषआरामात बुडालेला राजा ठरवणार होते. सांगितलं तर वीस वर्षांतलं एकुलतं व्याख्यान मोडणार होतं, आणि नाही सांगितलं तर आज ना उद्या कुणीतरी त्यांना हसणारच होतं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. नाना जेवले, सुपारी कातरायला घेतली, तेव्हा मी सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, त्या बाईला अक्षरओळख तरी आहे का? मग रागावून म्हणाले, पुरावा काय? मी कच्चं चित्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"पुरावा हा. तुम्ही मला पाय टेकवायला लावलेत," मी म्हणाले. नानांना असं उलटून मी तोवर कधी बोलले नव्हते.

नानांनी चित्र पाहिलं. अडकित्ता तसाच हातात धरून ते अंगणात गेले, आईचा पाट घेऊन दगडासमोर बसले. ऊन दगडावरून सरकून भिंतीवर गेलं तरी ते उठले नाहीत. आईनं चहा नेऊन ठेवला, त्यावर साय धरली. चाचांची हातोडी थांबली, दिवे लागले. त्या संध्याकाळी लाल रुमाल खुंटीवरच राहिला आणि आमच्या घरात कुणी हरलं नाही. आईनं पानं घेताना नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. तिनं मात्र एक काम गुपचूप केलं होतं. गयाबाई निघताना तिनं तिला सांगून ठेवलं होतं, उद्या या, तुमच्या ईराविषयी बोलणार आहेत.

रविवारी नाना इस्त्रीचा कोट घालून निघाले. बगलेत रुमाल होता आणि त्यात सगळी पानं होती, ती बारासुद्धा, मी मोजून पाहिलं. काय बोलणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमची विचारायची छाती झाली नाही. वाचनालयाचा हॉल भरला होता. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. नानांच्या ग्रंथाला ते 'आपल्या शहरातलं सर्वांत जुनं अपूर्ण बांधकाम' म्हणत. रज्जाकचाचा स्वच्छ टोपी घालून दुसऱ्या रांगेत, मांडीवर ती जिल्द. गयाबाई मुलाला घेऊन आली होती. खुर्च्या रिकाम्या असून ती भिंतीला टेकून खाली बसली, म्हणून आईही तिच्या शेजारी खाली बसली.

नानांनी पाऊण तास वाचलं. सातवाहन आले, गेले. राष्ट्रकूट आले. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ झोपले. मग ती बारा पानं आली. नानांनी पहिलं पान उचललं, चष्मा सारखा केला, आणि पान परत खाली ठेवलं.

"इथून पुढं मी जे लिहिलंय ते चुकलंय," ते म्हणाले. "मी कारकून माणूस. जन्मभर कागद वरून खाली वाचत आलो. दगडही तसाच वाचला. तो राजा नाही. ज्यांच्या घरचा तो आहे त्या बाई इथं बसल्यात. मी त्यांना विचारायला हवं होतं, ते माझ्या मुलीनं विचारलं."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. नानांनी हात जोडून गयाबाईला पुढं यायची विनंती केली. ती व्यासपीठावर गेली नाही. होती तिथंच उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि घरात बोलावं तशा आवाजात बोलली.

"राजा कशाचा, मेंढक्या व्हता. सिदू नाव. गावाची गुरं घोडेस्वारांनी नेली, ती सोडवाया ह्यो आन अजून चौघं गेलं. गुरं माघारी आली, हे नाय आले. घोडेस्वार कुनाचं व्हते ते ठावं नाय. समदेच न्यायचे."

ती खाली बसली. नानांची आठशे पानं ते घोडेस्वार कुणाचे होते एवढंच ठरवण्यात गेली होती. शेवटच्या दोन शब्दांनी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला तेव्हा अपमान वाटलं होतं. आज या वयात मला वाटतं, तो सुटकेचा भाव असावा. हेडमास्तर खाकरले आणि गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे आता तुमचा उरलेला ग्रंथही आम्ही खालून वर वाचायचा का?" लोक हसले. नानाही हसले. "तेच करावं म्हणतोय," ते म्हणाले, आणि रुमालाची गाठ मारून खाली उतरले. चाचांनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या, मग लाजून थांबले. मला वडिलांचा एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही, आणि ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, याची रुखरुख आहे.

बाहेर पायऱ्यांवर गयाबाईनं नानांना गाठलं. तिला एकच विचारायचं होतं. बाकीचे चार कुठं आहेत? नाना म्हणाले, पाण्यात.

"मंग ह्योच का आनला?"

"राजा वाटला म्हणून," नाना म्हणाले.

ती म्हणाली, "त्याच्या बाजूचा त्याचा पाठचा भाऊ व्हता." तिच्या आवाजात राग नव्हता. नाना पायरीवर बसले आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. लोक बाहेर येत होते, ते दोघांच्या कडेनं वळून जात होते.

पुढच्या आठवड्यात टेम्पो करून दगड पाचोडला गेला, गयाबाईच्या दिरांनी जिथं नवी वस्ती केली होती तिथं. टेम्पोत पुढं जागा असून नाना मागं दगडाला धरून बसले. पंचनामा नव्यानं लिहिला, आणि पंच म्हणून या वेळी गयाबाईचा अंगठा घेतला. परत येताना नानांनी वाटेत एक टेबलफॅन विकत घेतला. मधल्या चौकटीचा आता ऐषआरामाशी काही संबंध उरला नव्हता, त्यामुळं विरोधाला शास्त्राधार राहिला नव्हता. आईनं पंखा लावला, त्यापुढं डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "ईर पावला हो मला." तो पंखा तीस वर्षं चालला.

नानांनी खरोखरच ग्रंथ खालून लिहायला घेतला. 'आदी लोकही' हे वाक्य खोडून ते त्या वाक्यात शिरले आणि मरेपर्यंत बाहेर आले नाहीत. रविवारी ते एसटीनं पाचोडला जायचे, आठवडी बाजारात म्हाताऱ्यांजवळ बसायचे, कोळ्यांकडून नदीचे डोह विचारून घ्यायचे, आणि परत येऊन आईला सांगायचे की आज कुणी हरलं नाही, नुसत्या शेळ्या व्याल्या. तीनशे पानं झाली. ग्रंथ काही पुरा झाला नाही. जिल्द चाचांनी नानांच्या तेराव्याला आणून दिली. मी हे जे लिहीत आहे ते कागद सध्या तिच्यात ठेवते, मापाला थोडे कमी पडतात.

दगड पाचोडला पोचल्यानंतरच्या रविवारी गयाबाई आमच्याकडं आली. नानांनी तिच्या पुढ्यात माझी चित्रं पसरली. ते चार दगड आता पृथ्वीवर कुणालाच बघता येणार नव्हते, त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं ते माझ्या हातचे हे चार कागद. तिनं एकेका चित्रावर बोट ठेवून नाव सांगितलं, खालपासून, आणि नानांनी प्रत्येकाखाली ते लिहिलं. मग ती वाकून मधली चौकट बघू लागली.

"हे काय गं, काळंपांढरं?"

"फरशी," मी म्हणाले.

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. रानात फरशी कोण घालतंय, म्हणाली. आईही हसली. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "कुमुद, पाय उचल त्यांचे."

मी रबर घेतलं. पहिल्यांदा सिदूच्या भावाचं चित्र घेतलं. एक काळा चौकोन पुसला, मग एक पांढरा, मग त्यांच्यामधल्या रेघा. पेन्सिल मी दाबून वापरली होती, कागद खरवडला जात होता, गयाबाई मान तिरकी करून बघत होती. शेवटचा चौकोन गेला आणि टाचांखाली मी ओढलेली रेघ गेली. मग मी ते पाय हलक्या हातानं परत काढले, बोटं खाली सोडून. गयाबाईनं त्या कागदाला हात लावून नमस्कार केला.

"हं," ती म्हणाली. "आता गेला बघ वर."